तंजावरची बाहुली आणि संगणकातील संसार

तंजावरची मान डोलावणारी बाहुली महाराष्ट्रातही अनेक घरांच्या काचेच्या कपाटांत विराजमान झालेली दिसते. दक्षिणेची यात्रा करून आलेले कोणी ती हौसेने घेऊन येते, आणि मग कपाटाजवळून कोणी जोराने चालत गेले तरी ती आपली मान हलवून जणू त्याची दखल घेते. तमिळ भाषेत तिला 'तलैयाट्टि बोम्मै' म्हणजे 'मान हलवणारी बाहुली' असे सार्थ नाव आहे. २००८-०९ साली या बाहुलीला भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले. त्यामुळे तिचे तंजावरशी असलेले नाते आता कायद्यानेही मान्य झालेले आहे.

या बाहुल्यांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एक नर्तकीचा. तिचा घेर, धड आणि मस्तक हे भाग परस्परांना चिकटवलेले नसतात. बारीक तारेच्या टेकूवर ते एकावर एक तोललेले असतात, आणि प्रत्येक भागाचे वजन त्याच्या टेकूच्या खाली राहील अशी योजना असते. घड्याळाचा लंबक जसा ढळून पुन्हा मध्यावर येतो, तशी तिची मान व कंबर ढळते आणि परत येते. दुसरा प्रकार राजा-राणीचा. त्यांची बैठक गोल व जड, आणि वरचा भाग पोकळ व हलका. बाहुली ढकलली की ती आडवी होते आणि लगेच उभी राहते. तिचा गुरुत्वमध्य बैठकीच्या गोलाईच्या केंद्राखाली असल्यामुळे कलंडताना तो वर उचलला जातो, आणि सोडताच खाली येऊ पाहतो. बाहुली उभी राहते ती एवढ्याच कारणाने.

हालचाल आणि स्थैर्य हे दोन गुण सामान्यतः एकमेकांचे वैरी समजले जातात. जे हलते ते पडण्याचा संभव असतो, आणि जे पडू नये असे वाटते ते माणूस घट्ट बांधून ठेवतो. तंजावरच्या कारागिराने हे वैर मिटवले. हलणारा भाग हलका ठेवायचा, वजन तळाशी न्यायचे आणि सांधे सैल राखायचे, ही त्याची तीन सूत्रे. संगणकाच्या पडद्यावर माणसांचे संसार चालवणारे जे खेळ गेल्या काही दशकांत लोकप्रिय झाले, त्यांच्यापुढेही हाच प्रश्न आहे. तेथील पात्रे अखंड हलली पाहिजेत, आणि तरीही तो सारा डोलारा कोसळता कामा नये. हे कसे साधते आणि का बिघडते, याचा विचार या बाहुलीच्या सोबतीने करणे सोयीचे ठरेल.

खेळण्यातला संसार ही कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. महाराष्ट्रातील मुलींची भातुकली ही तीच. तंजावरकडे नवरात्रात घरोघर 'कोलू' मांडतात. लाकडी पायऱ्यांवर देवदेवता, राजे, वाणी, शेतकरी अशा बाहुल्यांची आरास होते, आणि पायथ्याशी मुले एखादे छोटे गावच वसवतात. या खेळांत बाहुली स्वतः काही करीत नाही. तिची भूक, तिचा रुसवा आणि तिचे लग्न हे सारे खेळणाऱ्याच्या मनात घडते. संगणकाने येथे एक पाऊल पुढे टाकले. बाहुलीला तिची स्वतःची भूक दिली.

या दिशेचा एक आरंभीचा प्रयत्न १९८५ साली 'लिटल कॉम्प्युटर पीपल' या नावाने झाला. त्यात पडद्यावरच्या घरात एक माणूस आपल्या मर्जीने राहत असे. परंतु या प्रकाराला खरी कीर्ती मिळाली ती 'द सिम्स' या खेळाने. त्याचे जनक विल राइट यांचे घर १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या भीषण आगीत जळाले. नवे घर उभारताना माणसाला खरोखर कोणत्या वस्तू लागतात आणि त्या का लागतात, याचा विचार त्यांच्या मनात सुरू झाला, आणि त्यातून पुढे हा खेळ निघाला. २००० सालच्या फेब्रुवारीत तो प्रसिद्ध झाला. त्याच्या पुढच्या आवृत्त्या २००४, २००९ आणि २०१४ साली आल्या.

या खेळाची आतील रचना मोठी मनोरंजक आहे. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला आठ गरजा होत्या. भूक, विश्रांती, स्वच्छता, करमणूक, माणसांची सोबत अशा त्या गरजा कालांतराने उणावत जातात. पात्राच्या डोक्यात फारशी अक्कल घातलेली नाही. ती घरातील वस्तूंमध्ये ठेवलेली आहे. फ्रिज सभोवार सांगत असतो, 'माझ्याकडे या, भूक भागेल.' पलंग सांगतो, 'माझ्याकडे या, थकवा जाईल.' पात्र या हाका ऐकते, आपल्या गरजांशी ताडून पाहते आणि बहुधा जी हाक अधिक लाभाची वाटेल तिकडे चालू लागते. या योजनेचा लाभ असा की नवी वस्तू घरात आली तर पात्राला काही नवे शिकवावे लागत नाही. वस्तू आपले ज्ञान स्वतःबरोबर घेऊन येते. हलणारे पात्र हलके आणि स्थिर वस्तू जड, असा हा विचार तंजावरच्या कारागिराला परका वाटला नसता.

तरीही या खेळाविषयी दोन तक्रारी जगभर ऐकू येतात. पहिली संथपणाची. पात्राला जेवायला सांगावे आणि त्याने जागेवर खिळून राहावे. खेळातले घड्याळ थबकत थबकत चालावे. दुसरी तक्रार कोसळण्याची. खेळ अकस्मात बंद पडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे साठवून ठेवलेली फाईल पुन्हा उघडतच नाही. अशा एका फाइलीत कित्येकदा वर्षा-दोन वर्षांचा विरंगुळा आणि पात्रांच्या सात-आठ पिढ्या असतात. त्यांची नावे, नाती, घरे, भांडणे, आजीने लावलेली झाडे, सारे खेळणाऱ्याने एकेक करून उभे केलेले असते. मोठ्या माणसांना हे दुःख हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. पण ज्या मुलीची मांडलेली भातुकली कोणी पायाने उधळली आहे, तिचे रडणे ज्याने पाहिले असेल तो हसणार नाही. शिवाय या दुःखाची एक व्यावहारिक बाजूही आहे. खेळ चालत नाही म्हणून घरात नव्या संगणकाचा हट्ट सुरू होतो, आणि मध्यम परिस्थितीच्या कुटुंबाला तो खर्च जड जातो. दोष यंत्राचा नसून मांडणीचा असेल, तर तो खर्चही व्यर्थच व्हायचा.

संथपणाचे सर्वात मोठे कारण बहुतेकांना अनपेक्षित वाटेल. ते म्हणजे वाट शोधणे. पलंगापासून फ्रिजपर्यंत जायचे तर टेबल, भिंत, दार आणि वाटेतली माणसे यांना वळसा घालून रस्ता काढावा लागतो, आणि हा हिशेब संगणकाला प्रत्येक पात्रासाठी पुन्हा पुन्हा करावा लागतो. वाट शोधण्याची 'ए-स्टार' नावाची प्रसिद्ध रीत १९६८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत हार्ट, निल्सन आणि राफाएल यांनी एका चालत्या यंत्रमानवाच्या निमित्ताने मांडली. ती अथवा तिच्या जातीच्या रीती खेळांत सर्रास वापरल्या जातात. या शोधाचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वाट मोकळी असेल तर ती झटपट सापडते. वाट मुळी नसेलच, तर 'वाट नाही' एवढे उत्तर मिळवण्यासाठी यंत्राला पोहोचता येण्यासारखी सगळी जागा धुंडाळून संपवावी लागते. काही वेळाने ते पात्र पुन्हा प्रयत्न करते आणि सारा शोध पुन्हा पहिल्यापासून होतो.

म्हणजे संपूर्ण गावाला जड होणारा माणूस बहुधा धावपळ करणारा नसतो. कोठेतरी दाराआड अडकून मुकाट उभा राहिलेला माणूसच यंत्राची शक्ती खात असतो. २००९ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सारे गाव एकाच वेळी जिवंत ठेवलेले होते, त्यामुळे तेथे हा अनुभव विशेष आला. २०१३ साली त्या आवृत्तीला जोडून बेटांचे एक गाव आले. त्याची बंदरे व तरंगती घरे यांभोवती पात्रे अडकून पडत आणि चांगल्या यंत्रांवरही खेळ रखडे. उपाय पाहू जाता अगदी घरगुती आहे. जिन्याच्या पायथ्याशी ठेवलेली कुंडी उचलावी. दारासमोर खुर्ची ठेवू नये. अरुंद बोळ आणि अनावश्यक कुलपे टाळावीत. एकाच खोलीत दहा करमणुकीच्या वस्तू असतील तर दहा हाका एकदम ऐकू येतात, म्हणून पसारा कमी करावा. सुगृहिणी खऱ्या घरात जे करते, तेच खोट्या घरालाही मानवते.

दुसरे कारण गर्दीचे. याचे एक गमतीदार उदाहरण 'ड्वार्फ फोर्ट्रेस' या २००६ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या खेळात सापडते. त्यात बुटक्या लोकांची एक वसाहत डोंगर पोखरून किल्ला बांधते. प्रत्येक बुटक्याचा इतिहास, आवडीनिवडी आणि शरीराचे अवयवही तेथे नोंदलेले असतात. असा थोर पसारा असलेल्या या खेळात किल्ला मोठा झाला की वेग ओसरत जातो, आणि अखेरीस राज्य शत्रूने न बुडवता मंदगतीनेच बुडते. त्या मंदगतीत मांजरांचा वाटा मोठा असल्याचे खेळणाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले. मांजरांची संख्या भराभर वाढते, आणि किल्ल्यात भटकणारे प्रत्येक मांजर आपली वाट शोधून घेत असते. उंदीर मारण्यासाठी आणलेल्या मांजरांनी किल्ला थांबवावा, हा प्रकार एखाद्या नीतिकथेत शोभण्यासारखा आहे.

गर्दीचा हा प्रश्न कसा सोडवावा, याचे उत्तर तंजावरच्या मुलखाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि त्या उत्तराचा मराठीशीही संबंध आहे. व्यंकोजीराजे भोसले यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला मराठी राज्य स्थापन केले. ते १८५५ पर्यंत टिकले. तमिळनाडूत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ परंपरेने करणारी जी कुटुंबे आहेत, ती घरात मराठीची एक बोली बोलतात. त्यांचे पूर्वज याच राजवटीच्या काळात तिकडे गेले असे मानले जाते. या खेळाला तमिळमध्ये 'तोल पावैक्कूत्तु' म्हणतात. पांढऱ्या पडद्यामागे दिवा असतो, आणि एकटा सूत्रधार सगळ्या बाहुल्या नाचवतो, सगळ्यांचे आवाज काढतो. घरची माणसे गाण्याबजावण्याची साथ देतात. पडद्यावर रामायण घडते. त्यात राम आहे, रावण आहे, वानरसेनाही आहे. सूत्रधाराला मात्र हात दोनच. तो हे साधतो कसे? ज्यांचा प्रवेश चालू आहे तेवढ्याच बाहुल्या त्याच्या हाती असतात. बाकीच्या चपट्या होऊन पेटीत निजलेल्या असतात. पाहणाऱ्याच्या मनात मात्र सारी लंका जागी असते.

संगणकाचा प्रोसेसर हा असाच एक सूत्रधार आहे. त्याचे हात पुष्कळ असले तरी मोजकेच आहेत. 'द सिम्स'च्या पहिल्या दोन आवृत्त्यांत जे घर खेळले जात असेल तेवढेच जिवंत असे, शेजारची घरे पेटीत असत. तिसऱ्या आवृत्तीने पेटी उघडून सगळ्यांना पडद्यावर आणले. त्याचा आनंद मोठा होता. पात्र घरातून निघून बाजारापर्यंत अखंड चालत जाई आणि वाटेत गाव आपापल्या उद्योगात दिसे. त्या आनंदाची किंमत वेगाने मोजावी लागली. २०१४ च्या चौथ्या आवृत्तीने पुन्हा गावाचे तुकडे केले. एका जागेतून दुसरीकडे जाताना क्षणभर पडदा पडू लागला, आणि वेग व स्थैर्य सुधारले. पुष्कळ खेळणाऱ्यांना मात्र तो मोकळेपणा गमावल्याची हळहळ वाटली, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. मान गोंदाने चिकटवलेली बाहुली कधीच पडत नाही, पण ती घेण्यासाठी तंजावरला कोणी जात नाही.

म्हणून पेटीत कोणाला ठेवायचे, हा निर्णय शक्य तेवढा खेळणाऱ्याने स्वतः करावा हे उत्तम. तिसऱ्या आवृत्तीत शेजाऱ्यांचे आयुष्य आपोआप पुढे सरकवण्याची सोय बंद करता येते. पात्रांच्या आठवणी छायाचित्रांसह नोंदण्याची सोयही बंद करता येते. चौथ्या आवृत्तीत संख्या वाढली की खेळ आपण होऊन काही अपरिचित पात्रे वगळतो. ज्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही अशी माणसे, रिकामी घरे, कोठेतरी सोडून दिलेल्या गाड्या आणि भटकी जनावरे ही आधी कमी करावीत. आजीच्या आठवणी ठेवाव्यात की गावातील शंभर अनोळखी माणसे, असा प्रश्न विचारला की उत्तर बहुधा लगेच मिळते. तो न विचारता सर्वच ठेवू पाहणारा अखेरीस दोन्ही गमावतो.

तिसरे कारण यंत्राच्या स्मरणशक्तीचे. संगणकाची तात्पुरती स्मरणशक्ती म्हणजे रॅम. ती यंत्रात कितीही असली तरी प्रत्येक आज्ञावलीला ती सगळी वापरता येतेच असे नाही. विंडोजवर चालणारी 'सिम्स'ची तिसरी आवृत्ती बत्तीस बिटांची आहे, आणि अशा आज्ञावलीला फार तर चार गिगाबाइटपर्यंतच पत्ते देता येतात. त्यामुळे सोळा गिगाबाइटचे नवे यंत्र घरी आणले तरी उरलेली जागा तिच्या उपयोगी पडत नाही. गाव वाढत जाते, पुरवण्या जोडल्या जातात, आणि एका संध्याकाळी खेळ साठवू जाता तो नकार देतो व पडद्यावर त्रुटी क्रमांक १२ दाखवतो. या क्रमांकाचा अर्थ जागा पुरत नाही एवढाच असतो. यावर मार्ग असा की तासन् तास एकाच बैठकीत खेळू नये. मधूनमधून साठवावे, खेळ पूर्ण बंद करावा आणि पुन्हा उघडावा, म्हणजे साचलेला गाळ निघून जातो. पुरवण्यांपैकी ज्या खरोखर लागतात तेवढ्याच चालू ठेवाव्यात.

उष्णतेचाही येथे विचार केला पाहिजे. तंजावर काय किंवा विदर्भ काय, उन्हाळ्यात खोलीतील हवाच तापलेली असते, आणि यंत्र अधिक तापले की प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग आपणच कमी करतो. दुपारी रखडणारा खेळ पहाटे सुरळीत चालतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. तिसरी आवृत्ती चित्रांच्या वेगाला स्वतःहून फारसा आवर घालत नाही. बहुतेक साधे पडदे सेकंदाला साठ चित्रे दाखवतात. तरीही ग्राफिक्स कार्ड त्याहून कितीतरी अधिक चित्रे काढत बसते आणि व्यर्थ तापते. कार्डाच्या सोयींत जाऊन ही संख्या साठवर बांधली तर चित्रात उणेपणा येत नाही. उलट यंत्र थंड राहते. लॅपटॉप गादीवर वा उशीवर न ठेवता कठीण व सपाट जागी ठेवावा आणि त्याच्या पंख्यातील धूळ काढावी, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

आता कोसळण्याच्या कारणांकडे वळू जाता पहिला मान 'मॉड'चा. खेळाच्या मूळ कर्त्यांनी न केलेल्या, पण खेळणाऱ्यांनीच हौसेने रचलेल्या भरी या नावाने ओळखल्या जातात. कोणी नवी वेशभूषा करते, कोणी नवे रीतिरिवाज घालते. साडी, परकर-पोलके किंवा आपल्या पद्धतीचे स्वयंपाकघर हवे असेल तर अशा भरींचाच आधार घ्यावा लागतो, आणि म्हणून त्या सरसकट टाकाऊ ठरवणे योग्य नव्हे. तथापि मूळ खेळाची नवी दुरुस्ती आली की जुनी भर तिच्याशी जुळेनाशी होते. टेकूची तार बदलली आणि मस्तक जुनेच राहिले, तर मान डोलण्याऐवजी गळून पडावी, तसे हे आहे.

शंभर-सव्वाशे भरींतून दोषी भर शोधायची कशी? यासाठी खेळणाऱ्यांत रूढ झालेली अर्ध्या-अर्ध्याची रीत गणिताच्या दृष्टीनेही उत्तम आहे. प्रथम सगळ्या भरी बाजूला काढून नव्या, रिकाम्या गावात खेळ चालवून पाहावा. दोष नाहीसा झाला तर तो भरींतच आहे हे नक्की. मग निम्म्या परत घालाव्यात. दोष दिसला तर तो या निम्म्यात, न दिसला तर उरलेल्या निम्म्यात. असे अर्धे करीत गेले की १२८ भरींतून एक दोषी भर सात फेऱ्यांत सापडते, कारण दोनचा सातवा घात १२८ होतो. एकेक तपासत बसणाऱ्याला त्याच कामासाठी सव्वाशे फेऱ्या घालाव्या लागल्या असत्या. दोन भरी वेगवेगळ्या निर्दोष असून एकत्र आल्यावरच भांडत असतील, तर मात्र काम थोडे वाढते. ही तपासणी आपल्या जुन्या कुटुंबाच्या फाइलीवर कधीही करू नये. भरी काढलेल्या स्थितीत ती फाईल साठवली गेली तर त्या भरींवर उभ्या असलेल्या वस्तू कायमच्या जातात.

कॅश फाइलींचे प्रकरण याहून सोपे आहे. खेळ आपल्या सोयीसाठी काही चित्रे व हिशेब बाजूला लिहून ठेवतो. ही टिपणे कालांतराने जुनी होतात, आणि जुन्या टिपणांवरून नवे काम करू गेल्यास घोटाळा होतो. तिसऱ्या आवृत्तीत अशा पाच फाइली आहेत. खेळ बंद असताना त्या काढून टाकल्या तर तो त्या पुन्हा नव्याने तयार करतो. साठवलेल्या कुटुंबाला त्यामुळे धक्का पोहोचत नाही.

परंतु या सर्व उपायांनी स्थैर्य वाढते, ते अढळ होत नाही. वीज जायची ती नेमकी फाईल लिहिली जात असतानाच जाते, आणि अर्धवट लिहिलेली फाईल यंत्राला वाचता येत नाही. म्हणून एकाच फाइलीवर पुन्हा पुन्हा लिहिण्याचा मोह टाळावा. दोन-तीन निराळ्या नावांनी आळीपाळीने साठवावे, म्हणजे एक बिघडली तरी आदल्या दिवशीची हाती राहते. चौथी आवृत्ती प्रत्येक फाइलीच्या मागच्या पाच प्रती आपण होऊन ठेवते. अनेकांना हे ठाऊक नसते आणि ते निष्कारण शोक करीत बसतात. एखादी प्रत यंत्राबाहेर, निराळ्या साधनावर ठेवणे सर्वात चांगले. यंत्रच बिघडले तर त्यातील पाचही प्रती एकदम जातात.

जतन करण्याच्या या कलेतही तंजावरकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. तेथील बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला. त्याची गणना जगातील अतिदीर्घ शिलालेखांत केली जाते. त्या वंशात जे जे घडले ते सगळे त्या भिंतीवर आहे असे नाही, आणि तसे ते कोणत्याही भिंतीवर मावलेही नसते. कोणी कोणाचा पुत्र, कोणी कोठे राज्य केले, कोणते प्रसंग स्मरणात राहावेत, याची निवड करूनच तो लेख सिद्ध झाला. पुढे तो छापलाही गेला. राज्य जाऊन पावणेदोनशे वर्षे होत आली तरी तो वाचता येतो.

संगणकातील संसार मांडणाऱ्यानेही जवळ एक साधी वही ठेवावी हे बरे. तीत आपल्या घराण्याची वंशावळ लिहावी. कोणाचे लग्न कोणाशी झाले, घराचा आराखडा कसा होता, आजीने कोणते झाड कोठे लावले, हे चार ओळींत टिपावे. फाईल वाचली तर वहीने काही बिघडत नाही. फाईल गेली तर त्या वहीवरून ते घर पुन्हा उभारता येते. ज्या गृहस्थाच्या जळालेल्या घरातून हा खेळ जन्मला, त्याने तरी दुसरे काय केले? काय गेले आणि त्यातले काय परत आणण्याजोगे आहे याचा हिशेब त्याने मांडला, आणि नव्या घराची पायाभरणी केली.